मातीवरच्या आरएक्स १०० चे बोअर-पिस्टनचे काम

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ती डांबरी रस्त्यासाठी बांधलेली गाडी होती. तरीही मातीच्या शर्यतींसाठी आणि डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी खाचांचे टायर चढवून, सस्पेन्शन उंच करून आणि नको तो पत्रा उतरवून घेतलेल्या आरएक्स आजही हौशी लोकांच्या अंगणात उभ्या दिसतात. याचे कारण तिच्या इंजिनाच्या साधेपणात आहे. बोअर (सिलिंडरच्या आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मिमी, आकारमान ९८ सीसी. हवेवर थंड होणारे, इनटेकला रीड व्हॉल्व्ह (आपोआप उघडझाप करणाऱ्या पातळ पाकळ्या) असलेले टू-स्ट्रोक इंजिन. हेडमध्ये ना व्हॉल्व्ह, ना कॅम, ना टायमिंग चेन. हेडचे चार नट काढले की ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, वर उचलता येतो आणि पिस्टन हाताशी येतो.

हे काम सोपे असल्यामुळेच ते बहुधा घाईने केले जाते. दुपारी जुना पिस्टन काढून संध्याकाळी नवा बसवला जातो आणि दोन रविवारांनंतर तोही त्याच जागी, त्याच प्रकारे खरवडलेला निघतो. पिस्टन झिजला किंवा चिकटला, तर तो कशामुळे, याचे उत्तर मिळाल्याशिवाय नवा पिस्टन विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील मजकुरात जुळणीइतकीच जागा या शोधाला दिली आहे, ती त्यामुळेच.

उघडण्यापूर्वी

थंड इंजिनात येणारी टकटक गाडी तापल्यावर कमी होत असेल, किकला पूर्वीसारखा विरोध लागत नसेल, चढावर ताकद कमी पडत असेल किंवा गाडी सुरू होण्यास वेळ लागत असेल, तर बोअर-पिस्टनचा संशय घ्यावा. संशयाची खात्री सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या काँप्रेशन गेजने होते. स्पार्क प्लग काढून गेज बसवावा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा आणि काटा वर चढण्याचे थांबेपर्यंत पाच-सहा जोरदार किक माराव्यात. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा फसवा असतो, कारण सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या कामाचा नाही. गेज, हेड आणि पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायूची तोंडे) यांप्रमाणे तो बदलतो. आपल्याच इंजिनाचा नव्या जुळणीनंतरचा आकडा वहीत लिहून ठेवावा आणि त्यात १५ ते २० टक्के घट झाली की ब्लॉक उघडण्याची तयारी करावी.

त्यानंतर, आणि अजून एकही नट न सोडता, गळतीची चाचणी घ्यावी. ही चाचणी बहुतेक गॅरेजमध्ये केली जात नाही, आणि पिस्टन पुन्हा पुन्हा चिकटण्याची निम्मी कोडी तिच्याअभावीच सुटत नाहीत. कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या रबरात घट्ट बूच बसवावे, सायलेन्सरचा पाइप काढून एक्झॉस्टचे तोंड रबरी बुचाने बंद करावे, ऑटोल्यूब पंपाची (इंजिनात आपोआप तेल सोडणाऱ्या पंपाची) नळी असल्यास तीही बंद करावी आणि पिस्टन तळाशी आणावा, म्हणजे क्रँककेस (क्रँक बसलेली खालची पेटी) व सिलिंडर यांचा रस्ता मोकळा होतो. मग प्लगच्या भोकातून हातपंपाने साधारण ६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब भरावा. त्याहून फार अधिक दाब दिल्यास सीलच जागेवरून हलू शकतात, म्हणून हवेचा कॉम्प्रेसर या कामासाठी वापरू नये. दाब मिनिटाला १ पीएसआयपेक्षा अधिक वेगाने उतरत असेल, तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत: इनटेकचे रबर, ब्लॉकखालचे पॅकिंग, हेडचे पॅकिंग आणि मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाच्या) मागचा क्रँक सील. क्लचच्या बाजूचा सील फुटला असेल तर बुडबुडे बाहेर दिसत नाहीत. गिअर ऑइल भरण्याच्या भोकाला साबणाच्या पाण्याचा पडदा लावला की तो फुगतो. अशा गाडीत सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर येतो आणि गिअर ऑइल बाहेर कुठेही न गळता कमी होत जाते. याउलट मॅग्नेटोच्या बाजूचा सील तेल नव्हे, बाहेरची हवा ओढतो. त्यामुळे मिश्रण पातळ होऊन (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) पिस्टन तापतो आणि अखेरीस चिकटतो; दोष मात्र बहुतेक वेळा तेलाला दिला जातो.

खोलणे

गाडी प्रथम चांगली धुवावी. मातीच्या गाडीच्या पंखांमध्ये आणि ब्लॉकच्या बुडाशी बसलेली वाळू ब्लॉक उचलताच क्रँककेसमध्ये पडते, आणि तेथे गेलेला एक खडाही कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे बिग एंड बेअरिंग खराब करायला पुरतो. इंजिन पूर्ण थंड असतानाच हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने, पाव-पाव फेरी देत सैल करावेत. एका कोपऱ्याचा नट एकदम काढल्यास हेड वाकते. ब्लॉक सरळ वर उचलावा. तो अडला तर बाजूने लाकडी दांड्याने हलके ठोकावे, पण स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये, कारण त्याचे ओरखडे पॅकिंगच्या जागेवर कायमचे राहतात. ब्लॉक तीन-चार बोटे वर आला की, पिस्टन पूर्ण बाहेर येण्याआधीच, क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ सुती फडके कोंबावे. तुटलेल्या रिंगेचा तुकडा किंवा सर्क्लिप (पिस्टनची पिन अडवून ठेवणारी तारेची कडी) आत पडण्याची वेळ हीच असते. मी एकदा हे फडके विसरलो आणि एका सर्क्लिपसाठी संपूर्ण इंजिन चौकटीतून उतरवावे लागले.

पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी गजन पिन निघत नसेल तर पिस्टन हॉट-एअर गनने किंवा उकळत्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकावा आणि पिन बोटाने किंवा पिन-पुलरने सरकवावी. हातोडीने ठोकून काढल्यास सर्व धक्का कनेक्टिंग रॉडवर आडवा बसतो. पिस्टन निघाल्यावर रॉड धरून सरळ वर-खाली ओढून पाहावा. त्या दिशेने खेळ जाणवता कामा नये. कडेला थोडी हालचाल होणे मात्र स्वाभाविक आहे. वर-खाली खेळ असेल किंवा रॉडच्या टोकांना निळसर छटा आली असेल, तर क्रँकचेच काम निघाले आहे आणि नवीन बोअर-पिस्टनवरचा खर्च तूर्त थांबवावा.

जुना पिस्टन वाचणे

आता पिस्टन पुसण्याची घाई करू नये. तो उन्हात धरून चारही बाजूंनी पाहावा, कारण तो इंजिनाचा संपूर्ण इतिहास अंगावर घेऊन बाहेर आलेला असतो.

इनटेकच्या बाजूचा, म्हणजे मागचा, स्कर्ट (पिस्टनच्या अंगाचा रिंगांखालचा भाग) मंद आणि रेशमी झाला असेल, त्यावर बारीक उभ्या रेघा असतील आणि मूळच्या यंत्रकामाच्या आडव्या रेषा पुसल्या गेल्या असतील, तर धूळ आत गेली आहे. मातीवर चालणाऱ्या इंजिनाचा हाच सर्वांत सामान्य आजार आहे. धुळीतील क्वार्ट्झचे कण बिडाच्या लायनरपेक्षाही (सिलिंडरच्या आतल्या नळीपेक्षाही) कठीण असतात; ते तेलात मिसळले की पॉलिश पेस्टसारखे काम करतात. अशा वेळी कार्ब्युरेटर व इनटेकच्या रबराच्या आत बोट फिरवून पाहावे. हाताला कचकच लागली तर एअर फिल्टरचा स्पंज फाटला आहे, कोरडा चालवला गेला आहे किंवा त्याच्या कडेने हवा वाट काढत आहे.

फक्त एक्झॉस्टच्या, म्हणजे पुढच्या, बाजूला पिस्टन घासून अॅल्युमिनियम रिंगांवर पसरले असेल, तर पिस्टन अति तापला आहे: मिश्रण पातळ, जेट (कार्ब्युरेटरमधले इंधनाचे बारीक भोक) लहान, हवेची गळती किंवा प्रज्वलन वेळेआधी होणारे. चार कोपऱ्यांवर एकसारखे घासल्याचे पट्टे असतील तर पिस्टन लायनरपेक्षा लवकर फुगला. थंड गाडी सुरू करताच थ्रॉटल पिळल्यामुळे किंवा बोअर आवश्यकतेपेक्षा घट्ट मारल्यामुळे हे घडते. माथ्याची कडा टोचल्यासारखी, वाळूने मारल्यासारखी दिसत असेल तर ते डिटोनेशनचे, म्हणजे मिश्रण स्फोटासारखे एकदम जळण्याचे, लक्षण आहे. रिंगांच्या खाली तपकिरी पट्टा उतरला असेल तर जळालेला वायू रिंगांवरून खाली निसटत होता. शेवटी पिस्टन उलटा करून माथ्याची आतली बाजू पाहावी: तेथे तेल जळून काळी पपडी बसली असेल, तर बाहेरून पिस्टन चांगला दिसला तरी त्याने ताप सोसला आहे.

पातळ मिश्रणासंबंधी एक गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे. आरएक्स १०० चे जेट त्या काळच्या, इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी ठरवलेले होते. त्या पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एका भाराला हवेचे सुमारे १४.७ भार लागतात; आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १३.५ पुरतात. म्हणजे त्याच जेटमधून तेवढेच इंधन आले तरी मिश्रण प्रत्यक्षात पातळ पडते. शिवाय इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते, त्यामुळे टाकीत महिनोन्‌महिने राहिलेल्या पेट्रोलवर नवे बोअर चालवणे धोक्याचे आहे. मुख्य जेट एक-दोन क्रमांकांनी मोठा करून प्लगचा रंग पाहणे हा आता शौक राहिलेला नसून जुळणीचाच भाग झाला आहे.

मोजमाप आणि बोअरिंग

सिलिंडर बोअर गेजने तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीला दोन दिशांनी मोजावा: एकदा गजन पिनच्या रेषेत आणि एकदा तिला काटकोनात. वरच्या आणि खालच्या मापातील फरक ०.०५ मिमीच्या पुढे गेला, किंवा दोन दिशांच्या मापांत ०.०१ मिमीहून अधिक तफावत आली, तर नुसत्या रिंगा बदलून उपयोग नाही. पुढच्या ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापाहून मोठ्या पिस्टनसाठी, बोअर मारावा लागेल. पिस्टन मायक्रोमीटरने स्कर्टच्या तळापासून साधारण १० मिमी वर, पिनला काटकोनात मोजावा. माथ्याजवळ मोजलेला पिस्टन नेहमीच लहान भरतो, कारण तो मुद्दाम निमुळता घडवलेला असतो.

या दोन मापांतील फरक म्हणजे पिस्टन आणि बोअर यांमधील फट. १०० अंशांनी तापल्यावर ५० मिमीचा अॅल्युमिनियमचा पिस्टन सुमारे ०.१० मिमी फुगतो आणि बिडाची लायनर सुमारे ०.०५५ मिमी. दोन्ही सारखेच तापले असे धरले तरी पिस्टन लायनरपेक्षा ०.०४५ मिमी पुढे निघून जातो, आणि प्रत्यक्षात पिस्टन लायनरपेक्षा अधिकच तापलेला असतो. म्हणूनच ओतीव पिस्टनसाठी ०.०४ ते ०.०५ मिमी फट ठेवली जाते. मातीत, कमी वेगात आणि जास्त फिरक्यांवर तापणाऱ्या इंजिनासाठी मी ०.०५ मिमीकडे झुकतो. घडीव पिस्टनला याहून अधिक फट लागते आणि ती त्याच्या पाकिटावर छापलेली असते.

बोअर मारणाऱ्याकडे ब्लॉकसोबत पिस्टन दिलाच पाहिजे. ‘०.५० चा मारा’ एवढेच सांगून ब्लॉक देऊ नये. एका लेथच्या दुकानात मी असाच ब्लॉक देऊन आलो होतो. त्याने बरोबर ५०.५० मिमीचा बोअर मारून दिला, आणि ०.५० असा शिक्का असलेला माझा पिस्टन मोजल्यावर ५०.४२ मिमी भरला. फट ०.०८ मिमी झाली आणि गाडी पहिल्या दिवसापासून टकटकत राहिली. चूक त्याची नव्हती. पिस्टनवरचा शिक्का म्हणजे माप, असे मीच समजलो होतो. शर्यतीच्या वर्गासंबंधीही एक बारकावा लक्षात ठेवावा. ५०.२५ मिमीच्या बोअरवर आकारमान ९९.२ सीसी होते, पण ५०.५० वर ते १००.१ सीसी होते. ज्या वर्गाची मर्यादा काटेकोर १०० सीसी आहे, तेथे ओव्हरसाइजची सूट नियमांत आहे की नाही हे आधी पाहावे.

बोअरनंतर होनिंगच्या (दगडाने आतून घासण्याच्या) तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा लायनरवर दिसल्या पाहिजेत. तेल त्यांतच टिकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोर्टांच्या कडा. बोअर मारल्यावर त्या सुऱ्यासारख्या धारदार होतात आणि रिंग त्यांच्यात अडकून तुटते. बारीक कानस किंवा गोल एमरीने प्रत्येक पोर्टची वरची व खालची कड किंचित मारून गोलसर करावी. बोट फिरवल्यावर कुठेही खरडता कामा नये. ब्लॉक घेऊन येताना हे काम झाले आहे असे गृहीत धरू नये. परदेशी मोटोक्रॉस गाड्यांच्या बोअरला बहुधा निकेलचा कठीण मुलामा असतो आणि त्यांना हे सारे लागू नाही. तो मुलामा गेला की बोअर न मारता नवा मुलामा चढवून घ्यावा लागतो.

यानंतर ब्लॉक गरम पाण्याने, भांड्याच्या साबणाने आणि ब्रशने धुवावा. पेट्रोलने किंवा डिझेलने धुतल्यास तेल निघते, पण होनिंगची कुरुंदाची भुकटी रेषांमध्ये तशीच राहते. पांढरे फडके बोअरमध्ये फिरवून करडे पडेनासे होईपर्यंत धुणे चालू ठेवावे, कोरडे करावे आणि लगेच टू-टी (टू-स्ट्रोकच्या) तेलाचा हात फिरवावा, कारण उघडे बीड पाहता पाहता गंजते.

जुळणी

नवी रिंग पिस्टनच्या माथ्याने बोअरमध्ये सरळ ढकलून सुमारे २० मिमी आत न्यावी आणि तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजावी. या मापाच्या बोअरला ०.१५ ते ०.३५ मिमी फट ठीक. कमी असेल तर एकच टोक, आतल्या दिशेने कानस फिरवत, थोडे थोडे घासावे. रिंगेवरचे अक्षर वरच्या बाजूला आले पाहिजे आणि तिची टोके खाचेतील बारीक खुंटीच्या दोन्ही बाजूंना बसली पाहिजेत. ही खुंटी रिंगेला फिरू देत नाही, अन्यथा तिचे टोक पोर्टमध्ये उघडून अडकले असते.

माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे, म्हणजे पुढे, ठेवून पिस्टन बसवावा. नीडल बेअरिंग आणि दोन्ही सर्क्लिप नवेच घ्यावेत. एकदा काढलेला सर्क्लिप पुन्हा वापरू नये. सर्क्लिपचे उघडे तोंड वर किंवा खाली ठेवावे, आडवे ठेवू नये. तो बसल्यावर खाचेत टक्क आवाज येतो. तरीही स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्याला हलकेच दाबून तो जागेवर असल्याची खात्री करावी. ब्लॉकखालचे पॅकिंग मूळ जाडीचेच हवे. जाड पॅकिंगने सर्व पोर्ट वर उचलले जातात आणि काँप्रेशन घटते. पातळ पॅकिंगने पिस्टन हेडच्या फार जवळ जातो. हेड बसवल्यावर मऊ सोल्डरची तार प्लगच्या भोकातून, गजन पिनच्या रेषेत, बोअरच्या भिंतीपर्यंत सरकवून इंजिन हाताने एकदा फिरवावे आणि दबलेल्या टोकाची जाडी मोजावी. ती ०.९ मिमीपेक्षा कमी भरू नये.

हेड बसवण्याआधी त्याची बैठक काचेवर ४०० नंबरचा एमरी पेपर ठेवून, इंग्रजी आठच्या आकारात फिरवत सपाट करावी. रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धराव्यात. बंद पाकळीखालून प्रकाशाची रेघ दिसत असेल किंवा टोकाचा कपचा उडाला असेल, तर त्या बदलाव्यात. एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सरचे तोंड यांतील कार्बन लाकडी किंवा तांब्याच्या पट्टीने खरवडावा. हेडचे नट टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळावेत आणि आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यावा. जुळणी पूर्ण झाली की गळतीची चाचणी पुन्हा घ्यावी.

पहिले तास

ऑटोल्यूब पंप ठेवला असेल तर त्याच्या नळीतील हवा काढल्याशिवाय किक मारू नये. पंप काढून टाकला असेल तर पहिल्या टाकीला लिटरमागे ४० मिली तेल, म्हणजे २५ ला १, पुरे आहे. त्याहून अधिक तेल ओतणारे लोक आहेत, पण ज्या जेटमधून तेल जास्त जाते त्यातून पेट्रोल कमी जाते, आणि मिश्रण उलट पातळ होते.

गाडी सुरू करून थ्रॉटल किंचित कमी-जास्त करत ब्लॉकला हात लावता येणार नाही इतका तो तापू द्यावा, बंद करावी आणि पूर्ण थंड होऊ द्यावी. असे तीन वेळा करावे. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासावेत. नवे पॅकिंग बसल्यामुळे ते बहुधा थोडे सैल झालेले असतात. त्यानंतर वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या निम्म्या थ्रॉटलपर्यंत माराव्यात, एकाच वेगावर रेंगाळू नये आणि लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी सोडू नये, कारण तेथे फिरक्या असतात पण तेल जात नाही.

एअर फिल्टरचा स्पंज प्रत्येक मातीच्या दिवसानंतर रॉकेलने आणि मग साबणाने धुवावा, पिळल्याशिवाय नुसता दाबून वाळवावा, फिल्टर ऑइलमध्ये भिजवावा आणि त्याच्या बैठकीच्या कडेला ग्रीसचे बोट फिरवावे. कोकणातली जांभ्याची लाल धूळ या बाबतीत विशेष उपकारक आहे, असे म्हणायला हरकत नाही: फिल्टरच्या आतल्या पेटीवर तिचा माग लगेच दिसतो, तर देशावरची करडी धूळ तेलात मिसळून लपून जाते. पहिल्या शर्यतीच्या दिवसानंतर सायलेन्सरचा पाइप उतरवावा, टॉर्चने एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टनचा स्कर्ट आणि रिंगा पाहाव्यात, काँप्रेशन मोजावे आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहावा.